यंत्र आले, माहिती मागे राहिली

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत मुलांना विषारी सापांची नावे विचारा, फुरसे पहिल्या दोन-तीन नावांत येतेच. जांभ्याच्या सड्यावर, गडग्याच्या दगडांत, वाळल्या पातेऱ्यात दडून बसणारा हा हातभर साप. इंग्रजी अमदानीत या जिल्ह्यात त्याचा इतका सुळसुळाट होता की फुरसे मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि काही रुग्णांची मूत्रपिंडे काम थांबवतात. भातशेतीच्या दिवसांत पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा तापही कधी कधी हेच करतो. लघवी थांबते, अंगावर सूज येते, रक्तातला युरिया वाढत जातो. मात्र अशा मूत्रपिंडांना काही दिवस किंवा काही आठवडे निभावून नेता आले, तर ती पुष्कळदा पुन्हा कामाला लागतात. दरम्यानच्या काळात रक्त बाहेरून स्वच्छ करावे लागते, इतकेच.

मूत्रपिंड निकामी होण्याचा दुसरा प्रकार अगदी वेगळा आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडांचा जुना दाह अशा कारणांनी ती वर्षानुवर्षे झिजत जातात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतल्या बऱ्याचशा गेल्या तरी माणसाला काही जाणवत नाही. जाणवू लागते तेव्हा फार थोड्या उरलेल्या असतात. ही झीज भरून येत नाही.

हे दोन प्रकार वेगळे लक्षात ठेवले तर पुढचा इतिहास समजणे सोपे जाईल. डायलिसिसचे यंत्र जन्माला आले ते पहिल्या प्रकारासाठी. आज ते बहुतांशी वापरले जाते ते दुसऱ्या प्रकारासाठी. आणि दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांपुढे डायलिसिसखेरीज आणखी एक वाट असते, ती म्हणजे मूत्रपिंडाचे प्रतिरोपण. ही वाट आहे हे रुग्णाला कोणी, केव्हा आणि कसे सांगितले, याचाही एक इतिहास आहे. या लेखात आम्ही तोच मांडणार आहोत.

सेलोफेनच्या नळीपासून सुरुवात

विशिष्ट पडद्यातून मिठासारखे लहान रेणू आरपार जातात आणि डिंकासारखे मोठे रेणू मागे राहतात, हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहम यांनी दाखवून दिले. या क्रियेला 'डायलिसिस' हे नाव त्यांनीच १८६१ साली दिले. तिचा माणसाला उपयोग व्हायला आणखी ऐंशी वर्षे जावी लागली.

१९३८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर काम करीत होता. मूत्रपिंडे निकामी झालेला २२ वर्षांचा एक तरुण त्याच्यासमोर वारला. रोज वीसेक ग्रॅम युरिया रक्तातून काढता आला असता तर हा मुलगा जगला असता, असा हिशेब कोल्फने मांडला. पुढे देश जर्मनांच्या ताब्यात गेला. काम्पेन या लहान गावी, युद्धकाळातल्या टंचाईत, १९४३ साली त्याने आपले यंत्र उभे केले. मांसाची सॉसेजे भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची लांब नळी त्याने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारयुक्त पाण्याच्या टाकीत फिरत ठेवले. नळीतून रोग्याचे रक्त वाहायचे आणि त्यातला युरिया पाण्यात उतरायचा. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात मात्र ६७ वर्षांची एक बाई या यंत्रामुळे बेशुद्धीतून शुद्धीवर आली आणि तिची मूत्रपिंडेही पुन्हा चालू झाली. तिचा आजार पहिल्या प्रकारातला होता.

दुसऱ्या प्रकारातल्या रुग्णांसाठी यंत्र असून नसल्यासारखे होते. प्रत्येक वेळी नवी रोहिणी आणि नवी नीला उघडावी लागे. हातापायांवर अशा जागा त्या किती असणार! १९६० साली अमेरिकेत सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रोहिणी व नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षे जगला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी नळीही काढून टाकली आणि मनगटाजवळची रोहिणी सरळ शिरेला जोडली. आज डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावर फुगलेली, थरथरणारी जी शीर दिसते ती हीच, म्हणजे 'फिस्टुला'.

आता डायलिसिस वर्षानुवर्षे चालू ठेवता येऊ लागले. पण यंत्रे होती मोजकी. सिॲटलमध्ये कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवायला नागरिकांची एक समिती नेमली गेली आणि तिच्यावरून अमेरिकेत मोठे वादळ उठले. १९७२ साली तिथल्या सरकारने कायदा करून डायलिसिसचा खर्च उचलला. यंत्रे वाढली, केंद्रे वाढली.

दुसऱ्याचे मूत्रपिंड

प्रतिरोपणाची कथा याच काळात शेजारून चालली होती. शरीर परक्या अवयवाला थारा देत नाही, आणि हे काम आपली प्रतिकारसंस्थाच करते, हे पीटर मेदावर यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले होते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणाला त्याच्या जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसवले. भाऊ एकाच बीजांडापासूनचे, म्हणून शरीराने ते आपलेच मानले. जुळा भाऊ नसलेल्यांसाठी प्रतिकार दडपणारी औषधे हवी होती. १९६० च्या दशकात ॲझाथायोप्रिन आले. पुढे नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले. १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि प्रतिरोपण हा नेहमीचा उपचार झाला.

महाराष्ट्र या प्रयत्नांत मागे नव्हता. भारतातला पहिला प्रयत्न मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ च्या मे महिन्यात झाला, तोही मृत व्यक्तीचे मूत्रपिंड घेऊन. तो रुग्ण फार दिवस जगला नाही. पुढे १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याकडून केलेले प्रतिरोपण यशस्वी झाले आणि देशात या शस्त्रक्रियेची घडी बसली.

१९८० च्या दशकात मात्र याला वाईट वळण लागले. पैसे देऊन गरिबाचे मूत्रपिंड घेण्याचा व्यापार देशातल्या मोठ्या शहरांत फोफावला, आणि त्यात मुंबईचेही नाव होते. तो रोखण्यासाठी केंद्राने १९९४ साली मानवी अवयव प्रतिरोपण कायदा केला. सुरुवातीला हा कायदा ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता; उरलेली दोन म्हणजे गोवा आणि हिमाचल प्रदेश. या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली, जवळच्या नातेवाइकांमधले दान सुलभ झाले, आणि मेंदूचा मृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य झाला. त्यासाठी चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. या कायद्यानंतर मुंबईत मेंदूमृत व्यक्तीच्या मूत्रपिंडाचे पहिले प्रतिरोपण १९९७ च्या मार्चमध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात झाले. पुढे मृत दात्यांचे अवयव यादीतल्या क्रमाने वाटण्यासाठी विभागीय प्रतिरोपण समन्वय केंद्रे सुरू झाली. मुंबईचे २००० साली, आणि मागोमाग पुण्याचे.

कायद्याने व्यापार बेकायदा ठरला, पण व्यापाराच्या बातम्यांनी मनात पेरलेला संशय तसाच राहिला. आजही गावात 'किडनी' हा शब्द निघाला की 'विकली', 'काढून घेतली' ही क्रियापदे आधी आठवतात. हा संशय अडाणीपणातून आलेला नाही, घडलेल्या गोष्टींतून आलेला आहे. म्हणून तो हसण्यावारी नेऊन चालत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते.

जिल्ह्यात काय पोचले?

२०१६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या लोकांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होतात, डायलिसिसची केंद्रे बहुतेक खाजगी व मोठ्या शहरांत आहेत, आणि निम्म्याच गरजेची पूर्तता होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय करावी हा त्या कार्यक्रमाचा गाभा होता. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातही ही सोय आहे. पूर्वी ज्या उपचारासाठी मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागे, तो आता जिल्ह्यात होतो. ही मोठीच गोष्ट आहे, कारण मंडणगडच्या किंवा राजापूरच्या माणसाला रत्नागिरी गाठून परत जायचे म्हटले तरी दिवस मोडतो.

पण डायलिसिस म्हणजे मूत्रपिंडाचे पूर्ण काम नव्हे. एक साधा हिशेब पाहा. आठवड्याचे तास १६८. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस केले तर रक्त शुद्ध होते १२ तास. उरलेले १५६ तास घाण साचत राहते. दोनदाच जमले तर आठच तास मिळतात. शिवाय तांबड्या पेशी तयार करायला लावणारे संप्रेरक यंत्र बनवू शकत नाही. बसवलेले मूत्रपिंड १६८ तास काम करते आणि संप्रेरकही बनवते.

मग फरक किती पडतो? १९९९ साली अमेरिकेत रॉबर्ट वुल्फ आणि सहकाऱ्यांनी सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. प्रतिरोपण झालेल्यांची तुलना त्यांनी सरसकट सगळ्या डायलिसिस रुग्णांशी केली नाही. प्रतिरोपणास योग्य ठरून यादीत नाव लागलेल्या, पण अजून मूत्रपिंड न मिळालेल्या रुग्णांशी केली. तुलना योग्य व्हायची तर अशीच करायला हवी, कारण यादीत येणारे मुळात इतरांपेक्षा धडधाकट असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत प्रतिरोपणाचा धोका जास्त होता. काही महिन्यांनी चित्र पालटले, आणि प्रतिरोपण झालेल्यांचे अपेक्षित आयुष्य यादीत थांबलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाले.

भारतात २०२३ साली १३,४२६ मूत्रपिंडांची प्रतिरोपणे झाली. वरचा २.२ लाखांचा आकडा शेजारी ठेवला तर दर सोळा-सतरा नव्या रुग्णांमागे एक प्रतिरोपण पडते. सगळेच रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य नसतात, दाते कमी असतात, खर्च असतो, हे सारे खरे. पण आणखी एक कारण आहे आणि ते पैशाने किंवा यंत्राने दूर होत नाही.

जिन्याच्या पायऱ्या

१९९८ साली अमेरिकेतच अलेक्झांडर आणि सेहगल यांनी प्रतिरोपणाकडे एका जिन्यासारखे पाहिले. रुग्ण वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे ही पहिली पायरी. त्याला प्रतिरोपण हवे आहे ही दुसरी. सर्व तपासण्या पूर्ण होणे ही तिसरी. यादीत वर सरकत प्रत्यक्ष मूत्रपिंड मिळणे ही चौथी. कृष्णवर्णीय, स्त्रिया आणि गरीब हे शेवटच्या पायरीवर एकदम गळत नाहीत, आधीच्या पायऱ्यांवरच थोडे थोडे गळत जातात, असे त्यांना दिसले. मधल्या दोन पायऱ्यांवर निर्णायक ठरते ती माहिती. काय आहे, कुठे जायचे, कोणती तपासणी राहिली, हे ठाऊक नसेल तर माणूस तिथेच अडतो.

ही माहिती द्यायची कशी? वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातले शल्यविशारद क्लाइव्ह कॅलेंडर यांनी १९८० च्या दशकात आपल्या कृष्णवर्णीय समाजातल्या लोकांना समोर बसवून विचारले, तुम्ही अवयवदान का करत नाही? कारणे निघाली ती अशी : गरजेची माहितीच नाही, धर्माला चालत नाही अशी समजूत, डॉक्टरांवर अविश्वास, दानपत्र भरले तर आपल्याला लवकर मृत ठरवतील ही भीती, आणि आपले अवयव आपल्या लोकांना मिळणार नाहीत ही शंका. यांतली पहिली चार कारणे कोकणातल्या एखाद्या वाडीत विचारले तरी ऐकू येतील. कॅलेंडर यांनी पत्रके वाटण्यावर भिस्त ठेवली नाही. त्याच समाजातली माणसे, रुग्ण आणि दात्यांचे नातेवाईक यांना त्यांनी बोलते केले.

दुसरा धडा पुन्हा नेदरलँड्समधून मिळतो. रॉटरडॅम येथे प्रशिक्षित माणसे रुग्णाच्या घरी जाऊन बसली. रुग्णाने आपले नातेवाईक, मित्र, शेजारी बोलावले आणि सगळ्यांनी मिळून प्रश्न विचारले. रुग्णालयात दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या माहितीपेक्षा या पद्धतीने लोकांचे ज्ञान वाढले, घरात मोकळी चर्चा झाली, आणि जिवंत दात्यांकडून होणारी प्रतिरोपणेही वाढली. कारण उघड आहे. रुग्णालयात रुग्ण एकटा ऐकतो, आणि घरी जाऊन इतरांना सांगण्याचे ओझे त्याच्यावर पडते. 'मला तुझे मूत्रपिंड हवे' हे वाक्य कोणाच्या तोंडून सहज निघेल?

रत्नागिरीच्या घरात

आपल्याकडे हे ओझे आणखी जड आहे. या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, कारण कर्ती पुरुष माणसे पोटासाठी मुंबईला. आजारी आई गावात, दोन मुलगे डोंबिवली-विरारला, मुलगी दिलेली कोल्हापूरकडे, असे घर नवे नाही. डायलिसिसच्या खुर्चीशेजारी जो नातेवाईक असतो तो निर्णय घेणारा असतोच असे नाही. सगळे एकत्र येतात ते गणपतीला नाही तर शिमग्याला. रॉटरडॅमच्या पद्धतीची बैठक आपल्याकडे घ्यायची तर तिचे दिवस पंचांगात आधीच ठरलेले आहेत, असे आम्हाला वाटते.

अशा बैठकीत सांगण्याजोग्या गोष्टी फार नाहीत. डायलिसिस सुरू झाले म्हणजे दुसरी वाट बंद झाली असे नाही. खरे तर डायलिसिसची वेळ येण्याआधीच चौकशी करावी. कायद्याने आईवडील, मुले, भावंडे आणि पती-पत्नी हे जवळचे नातेवाईक आहेत; २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा व नातवंडेही त्यांत आली. रक्तगट जुळला नाही तरी, तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करण्याची सोय त्याच दुरुस्तीने केली. नात्यात दाता नसेल तर मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत मृत दात्यांच्या यादीत नाव नोंदवता येते. २०२३ साली केंद्राने धोरण बदलून या नोंदणीसाठी राज्याचा रहिवासी असण्याची आणि ६५ वर्षांच्या आतले असण्याची अट काढून टाकली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रतिरोपणासाठीची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली. आणि हेही सांगितलेच पाहिजे की औषधे जन्मभर घ्यावी लागतात, त्यांचा खर्च राहतो, संसर्गाचा धोका राहतो, आणि बसवलेले मूत्रपिंडही कायमचे टिकेलच असे नाही. अर्धी माहिती देऊन मिळवलेला होकार खरा नसतो.

आणखी एक आकडा आम्हाला अस्वस्थ करतो. २०१९ ते २०२३ या काळात देशातल्या जिवंत अवयवदात्यांत दर शंभरांमागे सुमारे ६४ स्त्रिया होत्या. अवयव मिळालेल्यांत मात्र त्या जेमतेम तीस. द्यायला आई, बायको, बहीण पुढे, आणि घ्यायची वेळ आली की मागे. म्हणून शिक्षणाचे काम दाता वाढवण्यापुरते असू नये. 'नाही' म्हणण्याचा हक्क दात्याला आहे, आणि प्रतिरोपण मागण्याचा हक्क रुग्ण स्त्रीलाही आहे, हे दोन्ही त्याच बैठकीत बोलले जायला हवे.

शाळेचा वाटा

यात शिक्षकाने काय करायचे, असा प्रश्न येईल. शिक्षक डॉक्टर नाही. कोणता उपचार घ्यावा हे त्याने सांगू नये. पण उत्सर्जन संस्थेचा पाठ तो दरवर्षी शिकवतोच. तो आकृतीला नावे देण्यापाशी थांबू नये, एवढेच. बिनलेपाच्या सेलोफेनच्या पिशवीत मीठ आणि पिठाची पातळ खळ घालून ती तोंड बांधून पाण्याच्या भांड्यात तासभर ठेवावी. बाहेरचे पाणी खारट लागते, पण त्यात आयोडीनचा थेंब टाकला तर निळा रंग येत नाही. मीठ बाहेर आले, खळ आत राहिली. ग्रॅहम आणि कोल्फ यांचे निम्मे काम मुलांनी वर्गातच पाहिले. (पाणी चाखायचे ते आयोडीन टाकण्यापूर्वी, हे सांगायला विसरू नये.) मग मुलांनाच १२ आणि १६८ यांचा हिशेब करू द्यावा, आणि उरलेल्या तासांचे काय, हा प्रश्न विचारावा.

त्या प्रश्नाचे उत्तर घेऊन मूल घरी जाते. त्याच्या घरी, शेजारी किंवा आळीत कोणी आठवड्यातून दोनदा रत्नागिरीची एस.टी. पकडून डायलिसिसला जात असेल, तर ते विचारील : आजी, तुझे नाव यादीत आहे का? हा प्रश्न आजवर त्या घरात कोणीच विचारला नसेल, अशी शक्यता बरीच आहे.